भाकरी आणि भूमिका

मराठीत ‘भूमिका’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. नट रंगमंचावर जे पात्र उभे करतो ती त्याची भूमिका. आणि एखाद्या प्रश्नावर माणूस जेथे पाय रोवून उभा राहतो, तीही त्याची भूमिकाच. पहिली वठवायची असते, दुसरी घ्यायची असते. पहिलीबद्दल पैसे मिळतात; दुसरीबद्दल ते बहुधा मोजावे लागतात. या दोन भूमिका एकमेकींविरुद्ध उभ्या ठाकल्या तर माणसाने काय करावे? घरात चूल पेटती ठेवायची आहे, हाताशी आलेले काम सोडले तर दुसरे कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि तरीही ते काम आपल्या माणूसपणाला कमीपणा आणणारे आहे असे मन सांगत आहे; अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार गरिबाला आहे काय? की नकार ही भरल्या पोटाच्या माणसांचीच चैन समजायची?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो सिडनी पॉयटिए या अमेरिकी चित्रनटाच्या चरित्राने. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय नट. ६ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा त्यांचे स्मरण झाले ते मुख्यतः त्या पारितोषिकाच्या निमित्ताने. आम्हांला मात्र त्यांनी गाजविलेल्या भूमिकांइकीच त्यांनी नाकारलेली एक भूमिका मोलाची वाटते. त्या नकाराचा अर्थ कळण्यासाठी प्रथम तो करणारा माणूस कसा घडला हे पाहिले पाहिजे.

सिडनीचा जन्म २० फेब्रुवारी १९२७ रोजी अमेरिकेतील मायामी शहरात झाला, तो जवळजवळ अपघातानेच. एव्हलिन आणि रेजिनाल्ड हे त्याचे आईवडील बहामा बेटांपैकी कॅट आयलंड या बेटावर टोमॅटो पिकवीत. माल विकण्यासाठी ते मायामीला आले असता, दिवस भरण्यापूर्वीच हे मूल जन्मले. वजन तीन पौंडांहूनही कमी. ते जगणार नाही असे गृहीत धरून वडील त्याच्या दफनासाठी बुटांचा एक खोका घेऊन आले होते. आईने मात्र आशा सोडली नाही, आणि ज्याच्यासाठी खोका आणला होता ते लेकरू नव्वदी ओलांडून गेले.

कॅट आयलंडवर वीज नव्हती, मोटारी नव्हत्या. घरात आरसा नसल्यामुळे आपण दिसतो कसे हेही आपल्याला लहानपणी ठाऊक नव्हते, असे पॉयटिए पुढे सांगत. बेटावरील बहुतेक सर्व रहिवासी कृष्णवर्णीयच; त्यामुळे कातडीचा रंग हा एखाद्याचा दोष ठरू शकतो ही कल्पनाही त्या मुलाच्या मनाला शिवली नाही. स्वतःचा चेहरा त्याने काचेत पाहिला नव्हता. तो आईबापांच्या नजरेत पाहिला होता. पुढे फ्लॉरिडा राज्याने बहामातून येणाऱ्या टोमॅटोंना बंदी केली, शेती बसली, आणि सिडनी दहा वर्षांचा असताना हे कुटुंब पोटासाठी नसाऊ शहरात आले. तेथे दारिद्र्य अधिकच झोंबले. तरीही रेजिनाल्ड यांची एक शिकवण मुलाच्या मनात घर करून राहिली: माणसाचे मोल ठरते ते तो आपल्या लेकरांचा सांभाळ कसा करतो यावरून. वाचकांनी ही शिकवण ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशीच आपली गाठ पडणार आहे.

पंधराव्या वर्षी सिडनीला मायामीत थोरल्या भावाकडे धाडण्यात आले. तेथे त्याला प्रथमच कळले की घरांना दोन दारे असतात, आणि त्यांपैकी पुढचे आपल्यासाठी नसते. सामान पोहोचविण्याचे काम करीत असताना तो एका गोऱ्या बाईच्या घरी पुढच्या दाराशी गेला. मागच्या दाराने ये, असे तिने फर्मावले. आपण दाराशी उभेच आहोत, मग मागे कशाला जायचे, हे त्या मुलाला खरोखरच उमगले नाही. त्याने पुडके उंबरठ्यावर ठेवले आणि तो निघून आला. थोड्याच दिवसांनी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेची माणसे त्याच्या शोधात भावाच्या घरी येऊन गेली. हा त्याचा पहिला नकार म्हणता येईल. तो बंडखोरीतून आलेला नव्हता; आपण कमी आहोत हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

सोळाव्या वर्षी तो न्यूयॉर्कला गेला. हॉटेलांत भांडी घासली, रात्री मिळेल त्या आडोशाला काढल्या, वय चोरून काही काळ सैन्यातही नोकरी केली. पुढे एका वर्तमानपत्रात नट हवेत अशी जाहिरात वाचून तो हार्लेममधील अमेरिकन निग्रो थिएटर या नाट्यसंस्थेत गेला. धड वाचता येत नव्हते, बोलण्यात बेटावरचा हेल. परीक्षा घेणाऱ्या फ्रेडरिक ओनील यांनी त्याला बाहेर घालविले आणि भांडी घासण्याचे काम शोध असे बजावले. हा तरुण तेच काम करतो हे त्यांना ठाऊक नव्हते. ते शब्द जिव्हारी लागले. त्याने एक रेडिओ विकत घेतला आणि निवेदकांचे उच्चार ऐकून ते घोकण्यास सुरुवात केली. ज्या हॉटेलात तो भांडी घाशीत असे तेथील एका वृद्ध ज्यू वाढप्याने काम आटोपल्यावर रात्रीमागून रात्री शेजारी बसवून त्याला वर्तमानपत्र वाचायला शिकविले. त्या वृद्धाचे आभार मानायचे राहून गेले, ही खंत पॉयटिए म्हातारपणीही बोलून दाखवीत. काही महिन्यांनी तो त्याच नाट्यसंस्थेत परतला, आणि तेथील झाडलोट करण्याच्या बदल्यात अभिनयाचे शिक्षण घेऊ लागला.

आता त्या काळच्या हॉलिवूडकडे पाहू. कृष्णवर्णीय नटांना तेथे मिळत ती कामे ठरलेली: मोलकरीण, हमाल, खानसामा, घाबरून डोळे फिरविणारा विदूषक. १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटात हॅटी मॅकडॅनिएल या गुणी अभिनेत्रीने मोलकरणीचेच काम केले आणि २९ फेब्रुवारी १९४० रोजी तिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या रात्री तिला चित्रपटातील इतर कलावंतांसोबत बसू दिले नाही. सभागृहाच्या कडेला तिच्यासाठी वेगळे मेज मांडले होते. तिच्या स्वतःच्या समाजातील पुढाऱ्यांनीही तिला सोडले नाही. अशी कामे स्वीकारून तू आपल्या लोकांची मान खाली घालतेस, असा त्यांचा आक्षेप. यावर तिने दिलेले म्हणून जे उत्तर सांगितले जाते त्याचा आशय असा की, आठवड्याला सात डॉलरवर खरोखरीची मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन पडद्यावर मोलकरीण झालेले काय वाईट?

हे उत्तर आम्ही हसण्यावारी नेणार नाही. हॅटीचे वडील गुलामगिरीत जन्मलेले होते. तिने स्वतः घरकाम करून पोट भरलेले होते. तिच्यापुढे सन्मानाची भूमिका आणि अपमानाची भूमिका असे दोन पर्याय कोणी ठेवलेच नव्हते. पर्याय होते अपमान आणि उपासमार. १९५२ मध्ये ती वारली, तेव्हा हॉलिवूडच्या ज्या दफनभूमीत चिरविश्रांती मिळावी अशी तिची इच्छा होती, त्या भूमीनेही तिला वर्णामुळे नाकारले. अशा स्त्रीच्या होकाराचा न्याय करण्यास बसणाऱ्याने प्रथम तिच्या चुलीपाशी बसून पाहिले पाहिजे.

हे सर्व ध्यानी घेऊन आपण पॉयटिए यांच्या नकाराकडे वळू. १९५० साली ‘नो वे आउट’ या चित्रपटात त्यांनी डॉक्टरचे काम केले होते. त्यानंतरच्या ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ या चित्रपटात ते धर्मगुरूच्या वेशात दिसले. त्याचे चित्रण दक्षिण आफ्रिकेत झाले, आणि तेथील वर्णभेदी कायद्यांमुळे त्यांना व त्यांचे सहकलाकार कॅनडा ली यांना दिग्दर्शकाचे करारबद्ध मजूर म्हणून त्या देशात प्रवेश करावा लागला. पडद्यावर पाळक आणि कागदावर वेठबिगार! एवढे होऊनही कामे क्वचितच मिळत. पॉयटिए पुन्हा भांडी घाशीत. हार्लेममध्ये भागीदारीत एक लहान खाणावळही त्यांनी चालविली. लग्न झालेले, एक मुलगी झालेली, दुसरे अपत्य येऊ घातलेले. अशा वेळी मार्टिन बॉम नावाच्या एजंटामार्फत एक भूमिका चालून आली: आठवड्याला ७५० डॉलर.

पात्र होते झाडलोट करणाऱ्या एका नोकराचे. त्याच्या हातून एका गुन्ह्याची साक्ष दिली जाऊ नये म्हणून गुंड त्याच्या लहान मुलीला मारतात आणि तिचे प्रेत त्याच्या अंगणात टाकतात. बाप काहीच करीत नाही. तो गप्प राहतो, आणि कथा पुढे जाते. पात्र दुष्ट नव्हते, विनोदी नव्हते, वर्णाची टिंगल करणारेही नव्हते. तरीही पॉयटिए यांनी ते नाकारले. का, हे त्यांना त्या वेळी एजंटाला समजावून सांगता आले नाही. पुढे त्यांनी सांगितले की ती व्यक्तिरेखा वाचताना त्यांना रेजिनाल्ड आठवले. आपल्या बापाने असे कधीच केले नसते. लेकराच्या प्रेताकडे पाहून जो काहीच करीत नाही असा बाप त्यांना पडद्यावर उभा करवेना. मग त्यांनी घरातील सामान तारण ठेवले आणि बाळंतपणाच्या खर्चासाठी ७५ डॉलरचे कर्ज काढले. काही महिन्यांनी बॉमने त्यांना बोलावून घेतले. असला वेडा नकार देणाऱ्या माणसाचे काम आपण पाहावे असे त्याला वाटले, आणि तो दीर्घ काळ त्यांचा एजंट राहिला.

शेवट गोड झाला म्हणून नकार योग्य ठरत नाही. बॉमने बोलावले नसते, तरीही आपला प्रश्न कायमच राहिला असता. तो प्रश्न असा: लेकरांचा सांभाळ हेच माणसाचे मोल, असे रेजिनाल्डनेच शिकविले होते ना? मग लेकरू जन्माला येत असताना आलेली भाकरी परत पाठविणे ही त्या शिकवणुकीशी प्रतारणा नव्हे काय? आणि कर्जाचा भार काही एकट्या पुरुषावर पडत नसतो. तारण ठेवलेल्या सामानात पत्नीचाही संसार असतो. आपल्या तत्त्वाची किंमत दुसऱ्याने मोजावी असे म्हणणारा माणूस तत्त्वनिष्ठ नसतो, तो केवळ हट्टी असतो.

हा आक्षेप खरा आहे. पण आमच्या मते तो येथे लागू पडत नाही. सांभाळ म्हणजे केवळ भरण नव्हे. मुलाला बाप काय देतो? अन्न देतो, वस्त्र देतो, आणि स्वतःकडे पाहण्याची एक नजरही देतो. कॅट आयलंडवरील आरसा नसलेल्या घरात रेजिनाल्डने सिडनीला नेमकी तीच दिली होती, आणि तीच पुढे त्याच्या जन्माला पुरली. ती येणाऱ्या लेकराला द्यायची तर प्रथम स्वतःजवळ शिल्लक राहिली पाहिजे. दुसरे असे की पॉयटिए यांनी नकार दिला, पण जबाबदारी नाकारली नाही. त्यांनी कर्ज काढले, भांड्यांना हात घालण्याची लाज धरली नाही. स्वाभिमान आणि गर्व यांतला भेद येथे आहे. गर्विष्ठ माणूस भांडी घासण्याचे काम कमीपणाचे मानतो. स्वाभिमानी माणूस भांडी घासतो. तो फक्त खोटे होण्याचे नाकारतो.

तथापि पॉयटिए यांचे सर्वच नकार असे निर्मळ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पॉल रोबसन व कॅनडा ली या संशयित ठरविलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांशी आपला संबंध नाही असे लिहून देण्यास त्यांनी १९५० च्या दशकात नकार दिला. परंतु त्याच दशकाच्या अखेरीस ‘पोर्गी अँड बेस’ हा चित्रपट मनाविरुद्ध असतानाही, निर्मात्याच्या दबावाखाली आणि हवी असलेली दुसरी भूमिका हातची जाऊ नये म्हणून त्यांनी स्वीकारला. त्याबद्दल त्यांना पुढे वाईटच वाटत राहिले. त्यांच्या खासगी जीवनातही पडझड झाली. पहिला विवाह १९६५ मध्ये मोडला, आणि त्यातील आपला दोष त्यांनी आत्मचरित्रात झाकून ठेवला नाही. एकदा खंबीर राहिलेला माणूस कायमचा खंबीर होतो असे नाही. प्रत्येक वेळी तोच उंबरठा नव्याने ओलांडावा लागतो.

आता आपण त्यांच्या त्या चित्रपटाकडे येऊ, जो आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. ‘लिलीज ऑफ द फील्ड’ हा १९६३ चा चित्रपट. त्याचे नावच मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनातून आलेले. अडीच लाख डॉलरहूनही कमी खर्चात, अवघ्या चौदा दिवसांत तो चित्रित झाला. दिग्दर्शक राल्फ नेल्सन यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले, आणि पॉयटिए यांनी नेहमीपेक्षा कमी मानधनावर, उत्पन्नातील वाटा घेऊन काम केले. कथा साधी आहे. होमर स्मिथ हा बॅप्टिस्ट पंथाचा भटका कामगार अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मोटारीला पाणी हवे म्हणून थांबतो. तेथे पूर्व युरोपातून पळून आलेल्या पाच धर्मभगिनी राहत असतात. मदर मारिया त्याला पाहताच ठरवून टाकतात की परमेश्वराने आपले चॅपेल बांधण्यासाठी हा माणूस पाठविला आहे. तो छप्पर दुरुस्त करतो आणि मजुरी मागतो. मदर मारिया मजुरीचा विषयच काढू देत नाहीत.

मग बायबल उघडले जाते. कामकऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, हे लूकच्या शुभवर्तमानातील वचन होमर पुढे करतो. मदर मारिया रानातील भूकमळांचे वचन दाखवितात. ती कष्ट करीत नाहीत, सूत काततही नाहीत, तरी परमेश्वर त्यांना वैभवाने नटवितो. प्रेक्षक हसतात. पण या हास्यप्रसंगात एक गंभीर वाद दडलेला आहे असे आम्हांला वाटते. दोघेही शुभवर्तमानच सांगत आहेत, आणि तरीही होमरचे वचन आधी ऐकले गेले पाहिजे. ज्याच्या पूर्वजांकडून पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन राबवून घेतले, त्याला भूकमळांचा दृष्टान्त सांगणे सोपे असते. मजुरी हा त्याचा हक्क आहे हे एकदा मान्य झाले, म्हणजे मगच त्याने विनामूल्य केलेले काम दान ठरते. तोवर ती वेठच.

होमर चॅपेल बांधतो. आरंभी तो हट्टाने एकट्यानेच बांधू पाहतो. गावातील मेक्सिकन माणसे विटा घेऊन मदतीला येतात तेव्हा तो रुसतो, आणि हळूहळू त्याला उमगते की देवाचे घर एकट्याच्या नावाचे नसते. अखेर इंग्रजीच्या धड्याचे निमित्त करून तो मदर मारियांच्या तोंडून आभाराचा शब्द काढून घेतो. क्रूस बसविताना तो ओल्या सिमेंटमध्ये, खालून कोणाला दिसणार नाही अशा जागी, आपले नाव कोरतो. आणि पहिल्या मिस्साची वाट न पाहता रात्री निघून जातो. मजुरी मागण्याचा अधिकार त्याने सोडला नाही; तो स्वतःहून देऊन टाकला. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

१३ एप्रिल १९६४ रोजी या भूमिकेसाठी पॉयटिए यांना ऑस्कर मिळाले. हॅटी मॅकडॅनिएलच्या पारितोषिकानंतर २४ वर्षांनी. त्याच उन्हाळ्यात, २ जुलै रोजी, अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा संमत झाला; पण मिसिसिपी राज्यात मतदार नोंदणीसाठी झटणाऱ्या तीन तरुणांची हत्याही त्याच उन्हाळ्यात झाली. ऑगस्टमध्ये पॉयटिए आणि त्यांचे स्नेही, गायक हॅरी बेलाफोन्टे, चळवळीसाठी ७० हजार डॉलर एका बॅगेत भरून त्या राज्यातील ग्रीनवुड गावी गेले. विमानतळावरून निघताच क्लॅनच्या मोटारींनी त्यांचा पाठलाग केला. ऑस्करविजेत्या नटाला त्या रस्त्यावर कोणतेही पारितोषिक वाचवू शकत नव्हते.

येथवरची कथा कौतुकाची. परंतु पॉयटिए यांच्यावर टीका झाली ती गोऱ्यांकडून नव्हे, तर त्यांच्याच बांधवांकडून, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९५८ च्या ‘द डिफायंट वन्स’ मध्ये बेडीने एकत्र जखडलेले दोन कैदी पळून जातात, एक गोरा, एक काळा. शेवटी काळ्या कैद्याला पळत्या गाडीतून सुटकेची संधी मिळते. पण गोरा सोबती चढू शकत नाही असे पाहून तो स्वतःच गाडीतून खाली पडतो. लेखक जेम्स बाल्डविन यांनी लिहिले आहे की गोऱ्या प्रेक्षकांना हा त्याग भावला, तर हार्लेमच्या चित्रपटगृहात लोकांनी त्याला गाडीत परत चढण्यास ओरडून सांगितले. १९६७ मध्ये ‘गेस हूज कमिंग टु डिनर’ आला. त्यातील डॉक्टर इतका विद्वान, इतका सज्जन, इतका निर्दोष, की त्याच्यावर आक्षेप घ्यायला कातडीच्या रंगाखेरीज काहीच उरू नये. त्याचे आपल्या वाग्दत्त गोऱ्या वधूचे चुंबनदेखील प्रेक्षकांना दिसते ते टॅक्सीचालकाच्या आरशातून. चित्रण चालू होते तेव्हा अनेक राज्यांत असा विवाह गुन्हा होता. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये नाटककार क्लिफर्ड मेसन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ मध्ये लेख लिहून विचारले की गोऱ्या अमेरिकेला हा नट एवढा प्रिय का? त्यांच्या मते पॉयटिए पुन्हा पुन्हा एकच नायक रंगवीत होते: ज्याला राग नाही, वासना नाही, स्वतःचा समाज नाही.

ही टीका पॉयटिए यांना लागली, आणि तीत तथ्य होते. मात्र दोष कोणाचा, हे नीट पाहिले पाहिजे. शेकडो गोऱ्या नटांतील एक जण खलनायक झाला तर तो एक खलनायक असतो. एकुलता एक कृष्णवर्णीय नायक खलनायक झाला असता तर साऱ्या जमातीवर शिक्का बसला असता. ज्याला जमातीचा प्रतिनिधी केले जाते, त्याच्याकडून सामान्य माणूस असण्याचा अधिकारच काढून घेतला जातो. दुर्बळांना आपण समान मानायला तयार असतो, पण अट अशी घालतो की ते आपल्याहून चांगले असले पाहिजेत. हा अन्याय सभ्य असतो, म्हणून तो चटकन ओळखू येत नाही.

आता पुन्हा डोंगरावरील प्रवचनाकडे. रानातील भूकमळांच्या वचनाआधी, त्याच प्रवचनात, दुसरा गाल पुढे करण्याचे वचन आहे. १९६७ च्याच ‘इन द हीट ऑफ द नाइट’ मध्ये पॉयटिए यांनी व्हर्जिल टिब्ज या पोलीस अधिकाऱ्याचे काम केले. एक बडा गोरा जमीनदार टिब्जच्या थोबाडीत मारतो, आणि टिब्ज क्षणाचाही विलंब न लावता त्याला तशीच परत देतो. कृष्णवर्णीय नायकाने असे केलेले अमेरिकी प्रेक्षकांना तोवर पाहावयास मिळाले नव्हते. येथे एका जुन्या प्रसंगाची आठवण होते. ‘नो वे आउट’ हा पॉयटिए यांच्या आईवडिलांनी आयुष्यात पाहिलेला पहिला चित्रपट. पडद्यावर खलनायक आपल्या मुलाला मारू लागताच एव्हलिन नसाऊच्या चित्रपटगृहात उठून उभ्या राहिल्या आणि, तू त्याचे काहीच बिघडविलेले नाहीस, उलट मार, असे मुलाला ओरडून सांगू लागल्या. आईच्या त्या हाकेला मुलाने सतरा वर्षांनी उत्तर दिले असे म्हणावेसे वाटते.

मग ख्रिस्ताची आज्ञा मानणाऱ्या आपण या थपडेचे काय करायचे? आम्ही तिचे गुणगान करणार नाही. पण एवढे म्हणू की दुसरा गाल पुढे करणे हे ज्याला परत मारता येते त्याचेच कृत्य असू शकते. ज्याचा हात आधीच बांधून ठेवला आहे, त्याचा दुसरा गाल पुढे होत नाही. तो ओरबाडून घेतला जातो. सक्तीच्या मुकाट्याला क्षमा हे नाव देणे म्हणजे क्षमेचीच अवहेलना. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसेचे तेज यातच होते की ती गुलामाची लाचारी नव्हती, आपला हक्क ठाऊक असलेल्या माणसांनी समजून उमजून घेतलेली ती भूमिका होती. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली. त्यांच्यासाठी ऑस्कर समारंभ दोन दिवस पुढे ढकलण्यात आला, आणि १० एप्रिलला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला तो ‘इन द हीट ऑफ द नाइट’लाच.

एवढ्या विवेचनातून आम्हांला एकच गोष्ट हाती लागलेली दिसते. मजुरी असो, त्याग असो वा क्षमा असो, ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याच ‘हो’ला मोल असते. होमरचे चॅपेल दान ठरते, कारण तो मजुरी मागू शकत होता. हार्लेमचे प्रेक्षक ओरडले, कारण ज्याचा हक्क कोणी मान्यच केला नाही त्याच्याकडून पुन्हा एकदा त्याग मागितला जात होता. म्हणून नकार ही श्रीमंतांची चैन नव्हे. दान देऊ शकणाऱ्या प्रत्येक माणसाची ती पहिली मालमत्ता आहे. आणि म्हणूनच, दुसऱ्याला ‘नाही’ म्हणणे परवडू नये अशा अवस्थेत ठेवणे हे आमच्या मते मोठे पाप आहे. जेव्हा आपण घरकामाच्या बाईला ठरल्यापेक्षा अधिक काम सांगतो आणि ती हसून करते, जेव्हा हाताखालच्या माणसाला खोट्या कागदावर सही करायला सांगतो आणि तो मान खाली घालून करतो, तेव्हा त्या होकाराने आपले समाधान होते. ‘नाही’ म्हणणे त्यांना परवडले असते काय, हे विचारायला आपण विसरतो.

पुढील काळात पॉयटिए दिग्दर्शनाकडे वळले; आपल्या लोकांनी आपल्या कथा स्वतः सांगाव्यात म्हणून कॅमेऱ्यामागे गेले. १९९७ ते २००७ या काळात ते जपानमध्ये बहामाचे राजदूत होते. २४ मार्च २००२ रोजी त्यांना सन्मानाचे ऑस्कर देण्यात आले. त्याच रात्री डेन्झल वॉशिंग्टन हे त्यांच्यानंतर ३८ वर्षांनी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले दुसरे कृष्णवर्णीय नट झाले, आणि हॅली बेरी ही त्या वर्णाची पहिली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. आता कृष्णवर्णीय नटाला खलनायक होता येते, विदूषक होता येते, चुका करता येतात. पॉयटिए यांना ती मोकळीक नव्हती. निर्दोष राहण्याचे ओझे त्यांनी वाहिले, म्हणून पुढच्यांना सामान्य माणूस होता आले.

हॅटी मॅकडॅनिएलला ‘नाही’ म्हणता आले नाही, सिडनी पॉयटिए यांना ते म्हणता आले. या दोघांत पहिली लहान आणि दुसरा मोठा असा निवाडा आम्ही देणार नाही. तिच्या वेगळ्या मेजावरूनच त्यांच्या व्यासपीठाकडे जाणारी वाट निघाली होती. अ‍ॅरिझोनातील त्या चॅपेलच्या कथेत खाली मिस्सा सुरू होईल, भाविक येतील, गुडघे टेकतील, आणि वर, क्रुसापाशी, एका मजुराचे नाव सिमेंटमध्ये असेल. कोणी ते वाचले नाही तरी ते तेथे असेल. पडद्यावरच्या एका भूमिकेत पॉयटिए यांनी ते कोरले; पण त्यासाठी लागणारा हात त्यांनी फार पूर्वी, ७५ डॉलरच्या त्या कर्जाच्या दिवसांत, जपून ठेवला होता.